पुरुषाला बीटा एचसीजी कशाला लिहून देतात? गरोदरपणातली प्रोटीन्स आणि ट्युमर मार्कर

लॅबवाला_खानापूर

नमस्कार मंडळी. मी खानापूर भागात एका छोट्या लॅबला टेक्निशियन आहे, डीएमएलटी झालंय आणि सोबत एमएस्सी बायोकेमिस्ट्री करालोय. प्रश्न दोन आहेत पण मूळ एकच आहे म्हणून एकाच धाग्यात विचारालोय.

पहिलं असं की मध्ये एक तरुण पोरगं आलं होतं, सोबत बाप आणि चुलता. चिठ्ठीवर बीटा एचसीजी (गरोदरपणात वार बनवते ते हार्मोन), एएफपी (गर्भातलं प्रोटीन) आणि एलडीएच (पेशी मोडल्या की रक्तात येणारं एन्झाइम). चुलत्यानं मोबाईलवर बीटा एचसीजी टाकून बघितलं आणि एकदम आवाज चढवला, आमच्या पोराची गरोदरपणाची टेस्ट करालासा काय, चेष्टा लावलाय व्हय म्हणून. बाप काही बोलेना, नुसता चिठ्ठीकडं बघत उभा. पोरगं तर मान खाली घालून बसलेलं, त्याला बिचाऱ्याला अंडात गाठ लागलेली आणि ती घरात सांगायलाच त्याला किती दिवस लागले असतील कुणास ठाऊक. रक्त घेतलं, मोठ्या लॅबला पाठवलं, पण त्या माणसांना त्यांच्या भाषेत नीट समजावून सांगायला पाहिजे असं तेव्हापासून डोक्यात बसलंय.

दुसरं, माझ्या सेमिनारचा विषय पण हाच निघालाय, गरोदरपणात रक्तात वाढणारी प्रोटीन्स ट्युमर मार्कर म्हणून, म्हणजे गाठीची रक्तातली खूण म्हणून, किती उपयोगी. यादी मोठी आहे: एचसीजी, एएफपी, एसपी-१, पॅप-ए, प्रेग्नन्सी झोन प्रोटीन, प्लॅसेंटल अल्कलाइन फॉस्फटेज. पुस्तकात प्रत्येकापुढं एवढंच की कॅन्सरमध्ये तपासून बघितलं गेलं, आणि पुढं काय झालं ते कुठंच नाही. रोजच्या कामात आमच्याकडं येतात त्यातली दोनच. मग बाकीची का मागं पडली? आणि एखादं प्रोटीन मार्कर म्हणून चालतंय का नाही हे ठरवतात कसं? जाणकारांनी मराठीतच सांगा, मला पुढं लोकांना मराठीतच सांगायचंय.

टिळकवाडी_सर

प्रश्न फार चांगला विचारलास बाळा. मी बरीच वर्षं मेडिकलच्या पोरांना बायोकेमिस्ट्री शिकवली आणि हा धडा बहुतेक जण पाठ करून मोकळे होतात, का म्हणून कोणी विचारत नाही.

आधी त्या चुलत्याचं बघू. त्यांना सांग की पुरुषाच्या कॅन्सरमध्ये हे एचसीजी हार्मोन सापडतंय हे आजकालचं फॅड नव्हे, याला शंभर वर्षं होत आली. आशहाइम आणि झोंडेक या दोघांनी १९२७-२८ मध्ये बर्लिनला गरोदर बाईची लघवी उंदराच्या मादीला टोचून तिच्या अंडाशयात होणारा बदल बघायची टेस्ट काढली, आणि त्यानंतर थोड्याच काळात, १९३० च्या आसपास, अंडकोषाच्या काही गाठी असलेल्या पुरुषांच्या लघवीनंसुद्धा तीच टेस्ट पॉझिटिव्ह येते हे दिसलं. कारण सरळ आहे, अंडकोषातल्या बीजपेशींपासून जी गाठ होते तिच्यातल्या काही पेशी वारेच्या पेशींसारखं रूप घेतात आणि वारेचंच काम करायला लागतात, म्हणजे एचसीजी तयार करतात. काही पेशी गर्भाच्या योक सॅकसारख्या (गर्भाला जोडलेली छोटी पिशवी) होतात, त्या एएफपी तयार करतात. तेव्हा चिठ्ठीवरच्या त्या दोन टेस्ट म्हणजे गाठीत कुठल्या जातीच्या पेशी आहेत ते रक्तातून विचारणं झालं. चुलत्याला एवढंच सांगितलंस तरी पुरे: बाळ पोटात असताना वार जे रसायन बनवते तेच ही गाठ बनवते का ते बघालोय.

पण जुन्या टेस्टमध्ये एक घोळ होता. एचसीजीचे दोन तुकडे, अल्फा आणि बीटा. अल्फा तुकडा एलएच, एफएसएच आणि टीएसएच या पिट्युटरीच्या हार्मोन्समध्येही तोच असतो, त्यामुळं थोडंसं एचसीजी मोजायला गेलं की एलएच मध्ये लुडबूड करायचं. १९७२ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेत वैतुकायटिस, ब्राउनस्टीन आणि रॉस यांनी फक्त बीटा तुकडा ओळखणारी टेस्ट काढली आणि तिथून पुढं एचसीजी खऱ्या अर्थानं कॅन्सरच्या कामाला आलं. म्हणजे प्रोटीन चांगलं असून भागत नाही, ते शेजारच्यांपासून वेगळं मोजता आलं पाहिजे, सेमिनारमध्ये हा मुद्दा घाल.

आता यादीतली बाकीची का मागं पडली. यात एका माणसाची गोष्ट बघ. अबेलेव्हनं १९६३ मध्ये मॉस्कोत लिव्हरची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात गर्भातलं एएफपी शोधलं, आणि लगेच १९६४ मध्ये तातारिनोव्हनं माणसाच्या लिव्हर कॅन्सरमध्ये ते दाखवलं. हाच तातारिनोव्ह १९७० मध्ये मास्युकेविचबरोबर गरोदर बाईच्या रक्तात आणखी एक प्रोटीन शोधतो, ते तुझं एसपी-१, आणि जर्मनीत मारबुर्गला हान्स बोननं ते वेगळ्या वाटेनं १९७१ मध्ये काढलं. एकच शास्त्रज्ञ, दोन प्रोटीन्स, पहिलं जगभर रोज मोजलं जातंय आणि दुसरं पुस्तकात राहिलं. का? एसपी-१ बाळंतपणाच्या सुमारास आईच्या रक्तात वारेच्या बाकी प्रोटीन्सपेक्षा जास्त असतं, वारेच्या कॅन्सरमध्येही चढतं, पण तिथं आधीच एचसीजी बसलेलं आहे आणि एसपी-१ त्यापेक्षा जास्त काही सांगत नाही. आणि स्तनाच्या, आतड्याच्या कॅन्सरमध्ये बघायला गेले तर काहींना सापडलं, बऱ्याच जणांना नाही, आणि अधूनमधून धडधाकट माणसातही थोडं दिसलं. वरून ते सीईए (आतड्याच्या कॅन्सरचा मार्कर) याच्याच जनुकांच्या कुटुंबातलं, दोन्ही १९ व्या क्रोमोसोमवर, म्हणजे अँटीबॉडी नीट निवडलेली नसेल तर नातेवाईकच मोजले जायची भीती.

प्रेग्नन्सी झोन प्रोटीनचं दुखणं वेगळं. ते मुख्यतः लिव्हर बनवतं आणि इस्ट्रोजेन वाढलं की वाढतं, मग बाई गरोदर असो की गर्भनिरोधक गोळ्या घेत असो. १९७० च्या दशकात ते कॅन्सरमध्ये खूप जणांनी मोजलं, पण गोळीनं चढणारं प्रोटीन गाठीची खबर काय देणार?

प्लॅसेंटल अल्कलाइन फॉस्फटेजवर मला स्वतःला फार आशा होती. १९६८ मध्ये फिशमन यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एका पेशंटमध्ये वारेचं हे एन्झाइम शोधलं आणि त्या पेशंटच्याच नावानं त्याला रेगन आयसोएन्झाइम म्हणतात. सेमिनोमा नावाच्या अंडकोषाच्या गाठीत ते वाढतंही. पण बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसात ते गाठ नसतानाही वाढलेलं असतं, आणि आपल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखूचं काय आहे ते मी सांगायला नको. रक्तातली टेस्ट म्हणून ते मागं पडलं. मात्र पॅथॉलॉजीवाले गाठीच्या तुकड्यावर त्याचा रंग अजून करतात, तिथं ते उपयोगी आहे.

पॅप-ए १९७४ मध्ये सापडलं. ते आज कुठं वापरतात तुला माहीत आहे, ११ ते १३ आठवड्यांच्या डबल मार्करमध्ये, फ्री बीटाबरोबर (एचसीजीचा सुटा बीटा तुकडा), डाउन सिंड्रोमचा धोका बघायला. शरीरात इतर पेशीही ते बनवतात, आयजीएफ नावाच्या वाढीच्या घटकाला बांधून ठेवणारं एक प्रोटीन ते तोडतं, म्हणून कॅन्सरच्या संशोधनात त्याचं नाव परत यायलंय. पण रोजच्या रक्ततपासणीत कॅन्सर मार्कर म्हणून नाही.

माझं मत विचारशील तर कसोटी एकच: ज्या पेशीची गाठ आहे तीच पेशी ते प्रोटीन बनवते का, आणि त्या माणसात ते बनवणारं दुसरं कोण आहे का? गळीत हंगाम नसताना संकेश्वरकडं चिमणीतून धूर दिसला तर कारखाना चालू झाला एवढंच त्याचं कारण असतंय, पण गावातल्या घराघरातून धूर निघत असेल तर नुसत्या धुरावरून काही कळत नाही. तरुण पुरुषात एचसीजी ही ती चिमणी आहे. बाकीची बहुतेक प्रोटीन्स घरोघरीची चूल निघाली.

निपाणीची_लेक

सरांनी सगळं सांगितलं, मी डॉक्टर नाही पण हे बीटा एचसीजी मी स्वतः सोसलंय म्हणून लिहिते, कुणा बाईला उपयोग होईल.

मला दिवस गेले होते, तिसऱ्या महिन्यात अंगावरून जायला लागलं आणि उलट्या तर अशा की पाणीसुद्धा राहत नव्हतं. सोनोग्राफीत बाळ नाहीच, द्राक्षाच्या घडासारखं दिसतंय म्हणाले, मोलर प्रेग्नन्सी, जुन्या बायका द्राक्षगर्भ म्हणतात तोच. पिशवी साफ केली. मला वाटलं संपलं. तर मॅडम म्हणाल्या खरं काम आता सुरू होतंय, दर आठवड्याला बीटा करायचं, ते उतरत उतरत नॉर्मलला आलं पाहिजे, सलग तीन आठवडे नॉर्मल राहिलं की मग महिन्याला एकदा, आणि मॅडम सांगतील तोपर्यंत परत दिवस राहू द्यायचे नाहीत. का तर पूर्ण मोलमध्ये शंभरातल्या पंधरा-वीस बायकांत ते परत वाढायला लागतंय, आणि मध्येच नवीन दिवस राहिले तर बीटा कशानं वाढलं तेच कळणार नाही.

सासूबाईंना हे पटायला जड गेलं, पोटात काही नाही तर दर आठवड्याला रक्त कशाला, आणि दुसऱ्या बाळाला थांबायचं कशाला. मॅडमनी त्यांना समोर बसवून कागदावर रेघ काढून दाखवली, हा आकडा खाली येतोय तोवर काळजी नाही, तीन-चार आठवडे एकाच जागी अडला किंवा वर चढला तर औषध सुरू. मग त्याच दर बुधवारी आठवण करायला लागल्या.

माझा आकडा अडला. मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरवरचं औषध घ्यावं लागलं. सांगायचं ते हे की मला कुठं गाठ दिसत नव्हती, सोनोग्राफी साफ, छातीचा एक्सरे साफ, दुखत काही नव्हतं, फक्त तो एक आकडा सांगत होता की आत काहीतरी शिल्लक आहे. आणि औषध कधी थांबवायचं तेही त्याच आकड्यानं ठरवलं. आता माझी मुलगी शाळेत जाते. ज्या बायकांची पिशवी मोलसाठी साफ केलीय त्यांनी कृपा करून बीटा चुकवू नका. शेतीची कामं असू देत, जत्रा असू दे, लग्न असू दे. आणि साफ केल्यावर निघालेला तुकडा बायोप्सीला गेलाय का विचारा, कुठं कुठं तो तपासायला पाठवतच नाहीत.

टिळकवाडी_सर

ताई, तुम्ही लिहिलंत ते माझ्या सगळ्या पाठापेक्षा मोलाचं आहे. याच्यामागची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९५६ मध्ये एनआयएचमध्येच मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी वारेच्या कॅन्सरवर मेथोट्रेक्सेट वापरलं आणि छातीतल्या गाठी विरघळल्या. सगळे खूश झाले, पण लींचं म्हणणं की लघवीतलं एचसीजी अजून शून्य नाही, औषध थांबवू नका. एक्सरेत काही नसताना विषारी औषध चालू ठेवतोय म्हणून त्यांना तिथून जावं लागलं. नंतर दिसलं की आकडा शून्यावर येईपर्यंत ज्यांना औषध मिळालं त्या बायका बऱ्या झाल्या आणि ज्यांचं लवकर थांबवलं त्यांच्यात रोग उलटला. १९७२ मध्ये लींना लास्कर पुरस्कार मिळाला. तुमच्या मॅडमनी जी रेघ काढली ती लींची रेघ आहे. आज वेळेवर सापडलेला कमी धोक्याचा असा आजार जवळजवळ सगळ्यांचा बरा होतो.

हुक्केरी_फार्मसी

मग सर, एवढं चांगलं असेल तर सगळ्यांचीच का करत नाहीत? आमच्याकडं कॅम्प लागतात, फुल बॉडी पॅकेजमध्ये कॅन्सर मार्कर म्हणून एएफपी, सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरचा), सीईए, कधी बीटा एचसीजी पण घालतात. माझ्या आतेबहिणीचं सीए-१२५ थोडं जास्त आलं, नॉर्मलच्या रेघेपेक्षा पाच-सहानं, घरात रडारड, बेळगावला नेलं, कोल्हापूरला नेलं, शेवटी पाळीच्या दिवसात रक्त घेतलेलं एवढंच निघालं.

टिळकवाडी_सर

तुझ्या आतेबहिणीचं झालं तेच उत्तर आहे. सीए-१२५ ची रेघ ३५ ला मारलेली, पण पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (पिशवीचं अस्तर पिशवीबाहेर वाढतं तो आजार), गरोदरपणात ते सहज वर जातं. एएफपी कावीळ आणि सिरोसिसमध्ये वाढतं, आणि उलट लिव्हर कॅन्सर असूनही कित्येकांचं नॉर्मल असतं. हिपॅटायटिस बी किंवा सिरोसिस असलेल्या माणसाचं सोनोग्राफीसोबत वेळोवेळी बघतात ती गोष्ट वेगळी, त्याला धोकाच मुळात जास्त.

हिशोब करून बघ, आकडे समजण्यापुरते धरलेत. दहा हजार धडधाकट माणसं, त्यात एखादा कॅन्सर असलेली दहा. टेस्ट चांगली धरू, आजाऱ्यांतल्या शंभरातल्या नव्वदांना पकडते आणि निरोग्यांतल्या पंच्याण्णवांना बरोबर नॉर्मल म्हणते. तर दहातले नऊ सापडतील. पण बाकी ९९९० मध्ये शंभराला पाच म्हणजे जवळजवळ ५०० जणांना उगाच जास्त येणार. म्हणजे ५०९ घाबरलेल्या माणसांत खरी नऊ. तीच टेस्ट ज्याला अंडात कडक गाठ लागलीय अशा माणसात केली की अर्थच बदलतो, कारण तिथं आजार असण्याची शक्यता आधीच मोठी आहे. एखादं प्रोटीन तपासून बघितलं असं पुस्तकात असतं तेव्हा कोणाशी तुलना केली ते बघायचं. शेवटच्या स्टेजचे पेशंट आणि रक्तदान करणारी तरुण पोरं यांच्यात फरक दाखवणं सोपं असतंय. साध्या गाठीवाले, सूज असलेले, बिडी ओढणारे, गोळी घेणाऱ्या बायका यांच्यात तो टिकला पाहिजे. यादीतली निम्मी प्रोटीन्स तिथंच पडली.

कॅम्पमधल्या त्या पॅकेजवर मला खरोखर राग आहे. गरीब माणसाचे पैसे जातात आणि झोपही जाते.

पॅथ_मिरज

लॅबच्या बाजूनं थोडं, कारण प्रश्न विचारणारा टेक्निशियन आहे आणि चुका इथंच होतात.

लघवीवर गरोदरपण बघायचं टेस्टचं कार्ड पुरुषाच्या किंवा मोलच्या फॉलोअपला चालत नाही, आकडा पाहिजे. काही गाठी पूर्ण एचसीजी न बनवता नुसता बीटा तुकडा सोडतात, तर मशीनवरची टेस्ट दोन्ही मोजणारी आहे का ते किटच्या कागदावर वाच. मोलमध्ये एचसीजी लाखांत असू शकतं आणि तेवढं जास्त असलं की टेस्टमधल्या अँटीबॉडी भरून जातात आणि आकडा उलट कमी दिसतो, हुक इफेक्ट म्हणतात. संशय आला तर सॅम्पल पातळ करून परत चालव. उलटंही होतं: काही माणसांच्या रक्तात अशा अँटीबॉडी असतात की एचसीजी नसताना आकडा येतो. त्या लघवीत उतरत नाहीत, म्हणून रक्तात आहे आणि लघवीत नाही असं झालं की आधी टेस्टवर संशय घ्यायचा, दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर बघायचं, पेशंटला लगेच केमोला पाठवायचं नाही. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या खाणाऱ्यांचा आकडा काही मशीनवर खोटा कमी येतो, तर सुई टोचायच्या आधी विचार. पाळी गेलेल्या बायकांत पिट्युटरी थोडंसं एचसीजी सोडते, ५ च्या वर १४ पर्यंत दिसलं म्हणून धावपळ नको. आणि जन्मलेल्या बाळाचं एएफपी हजारोंत असतं, ते मोठ्या माणसाच्या पातळीला यायला आठ-दहा महिने लागतात, बाळाच्या पोटात गाठ असली तर वयाचा तक्ता बघितल्याशिवाय रिपोर्टवर जास्त असं छापू नका.

दर वेळी त्याच लॅबला, त्याच मशीनवर. एक आठवडा बेळगाव, पुढचा कोल्हापूर, तिसरा गोव्याला पाव्हण्यांकडं असं केलं की आकडा आजारानं बदलला की मशीननं ते देवालाही कळणार नाही.

लॅबवाला_खानापूर

सगळ्यांचे मनापासून आभार, निपाणीच्या अक्कांचे जास्त. त्या पोराचे दोन्ही आकडे जास्त आलेत आणि ऑपरेशन ठरलंय असं बाप सांगून गेला, यावेळी चुलता पण शांत होता. बाप विचारत होता ऑपरेशन झाल्यावर परत कधी रक्त द्यायचं आणि दुसऱ्या दिवशीच शून्य येणार काय. काय सांगू?

पॅथ_मिरज

दुसऱ्या दिवशी शून्य येणार नाही हे आधीच सांगून ठेव, नाहीतर घाबरतील. एचसीजी साधारण दीड दिवसात निम्मं होतं आणि एएफपीला निम्मं व्हायला पाच ते सात दिवस लागतात. म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी एचसीजी ४००० असेल तर सहा दिवसांनी २५० च्या आसपास यायला पाहिजे, पण एएफपी ८०० असेल तर आठवड्यानं ते ४०० दिसेल आणि तेही बरोबरच चाललंय. या वेगानं उतरलं तर चांगलं. मध्येच अडलं किंवा चढलं तर कुठंतरी पेशी शिल्लक आहेत असं धरून कॅन्सरचे डॉक्टर पुढचं ठरवतात. म्हणून ऑपरेशनच्या आधीचं सॅम्पल झालंच पाहिजे, त्याशिवाय नंतरच्या आकड्याला अर्थ नाही. ते तुझ्याकडं झालंय, रिपोर्टची कॉपी फाईलला लावून दे. अंडकोषाच्या कॅन्सरमध्ये स्टेज ठरवतानाच हे तीन आकडे धरतात, त्यासाठी एस नावाचा वेगळा रकाना आहे, आणि तिथं ऑपरेशननंतर खाली येऊन टिकलेले आकडे लागतात.

आणखी एक. एएफपी वाढलेलं असेल तर तुकड्याच्या रिपोर्टमध्ये नुसता सेमिनोमा लिहिला असला तरी डॉक्टरांना दाखवून विचारायला सांग, कारण शुद्ध सेमिनोमा एएफपी बनवत नाही. आणि केमो लागली तर ती सुरू व्हायच्या आधी वीर्य साठवून ठेवायचं विचारायला सांग, बापासमोर पोरगं विचारणार नाही, तर तूच त्याला बाजूला घेऊन सांग. हा आजार केमोनं बरा होणाऱ्यांतला आहे, पुढं त्याचं लग्न आणि लेकरं व्हायची आहेत.

पैशाचं बघायचं असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड ऑपरेशनच्या आधीच काढून घ्या, आणि कुठल्या हॉस्पिटलला ते चालतंय ते फोन करून विचारा, ॲडमिट झाल्यावर कागद गोळा करत फिरायला नको.